असाकुसातील टेम्पुराचे जुने दुकान : आठ महिन्यांच्या जेवणानंतर

फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत टोकियोच्या असाकुसा भागातील एका जुन्या टेम्पुराच्या दुकानात मी अकरा वेळा जेवले. टेम्पुरा म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेले मासे, कोळंबी किंवा भाज्या. निशी-कासाईहून तोझाई मार्गाने निहोनबाशी आणि तिथे गाडी बदलून गिंझा मार्गाने असाकुसा, असा हा प्रवास आता पायांना पाठ झाला आहे. पुढे तक्रारीही येणार असल्यामुळे दुकानाचे नाव लिहीत नाही. सेन्सोजी मंदिराच्या आसपास टेम्पुराची इतकी जुनी घराणी आहेत (सानसादा १८३७ मधले, दाइकोकुया १८८७ मधले), की मिठाशी खायचा टेम्पुरा आणि रश्शात भिजलेला टेम्पुरा यांतला फरक एकदा कळला की कुठल्याही दारात शिरताना तो उपयोगी पडतो.

पहिल्या दिवशी मी निराश होऊन बाहेर पडले, हे आधीच कबूल करते. पन्नास मिनिटे रांगेत उभी राहून मी तेन्दोन मागवले होते. तेन्दोन म्हणजे वाफाळत्या भाताच्या खोल वाडग्यावर रचलेला टेम्पुरा आणि त्यावर सोया, मिरिन (स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू) व दाशी (वाळवलेल्या माशाचे सार) यांचा दाट, गोडसर रस्सा. वाडग्यावर झाकण होते आणि त्याखालून कोळंब्यांच्या शेपट्या बाहेर डोकावत होत्या. झाकण उघडले तर आवरण काळपट तपकिरी आणि चक्क मऊ! छायाचित्रांतला फिकट, कुरकुरीत टेम्पुरा डोक्यात असल्याने मला वाटले की शिळे वाढले असावे. दहीवड्यातला वडा कुरकुरीत नाही अशी तक्रार आपण कधी करत नाही, तसेच हे आहे, एवढे समजायला मला तिसरी खेप उजाडावी लागली. रस्सा पिऊन मऊ होणे हेच त्या आवरणाचे काम असते आणि तिळाच्या तेलाचा खमंगपणा अशा वेळी भातात उतरतो.

या गडद चवीचे मूळ एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात आहे. एदो हे टोकियोचे जुने नाव. लाकडी घरांच्या त्या शहरात आगीची भीती फार, म्हणून उकळत्या तेलाचा हा उद्योग उघड्यावरच्या गाड्यांवर वाढला. कामकरी माणसे काडीला टोचलेले तळलेले मासे उभ्याउभ्याच खात. त्याहीआधीचा धागा पोर्तुगिजांकडे जातो. ते १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोहोचले आणि मांस वर्ज्य असलेल्या उपवासाच्या दिवसांसाठी त्यांच्याकडे जो लॅटिन शब्द होता, त्यावरून ‘टेम्पुरा’ हे नाव आले, असे सामान्यतः मानले जाते. फ्रान्सिस झेवियरही १५४९ मध्ये गोव्याहूनच जपानला निघाला होता. त्यामुळे असाकुसात कोळंबी खाताना जुन्या गोव्यातले चर्च आठवले, तर ते अगदीच अस्थानी नाही.

सहाव्या खेपेला मात्र मी तळणाऱ्या आचाऱ्यासमोरच्या फळीवर जागा राखून ठेवली आणि तेच दुकान मला वेगळे वाटले. इथे रस्सा नसतो. समोर मीठ, लिंबू आणि किसलेला मुळा घातलेले तेन्त्सुयु, म्हणजे टेम्पुरा बुडवून खायचे पातळ सार असते आणि एकेक नग कढईतून थेट आपल्या पुढ्यातल्या कागदावर येतो. कोळंबी वाकडी होऊ नये म्हणून आचारी तिच्या पोटाला आडव्या चिरा देतो, आणि तेल उडू नये म्हणून शेपटीचे टोक छाटून त्यातले पाणी निपटून काढतो. मैद्यासारखे हलके पीठ, अंडे आणि थंडगार पाणी तो जेमतेम एकत्र करतो. गुठळ्या राहिल्या तरी चालतात, कारण गव्हाचे पीठ जास्त घोटले तर ग्लूटेन तयार होऊन आवरण चिवट होते. भज्यांचे पीठ मनसोक्त फेटून हलके करण्याची आपली सवय इथे उलटी पडते. बेसनात ग्लूटेन नसते म्हणून आपल्याला ती परवडते. पदार्थ झाला की नाही हे तो बहुधा कानाने ओळखतो, कारण आतले पाणी कमी होत जाते तसे बुडबुडे बारीक होतात आणि तेलाचा आवाज चढतो.

माझे बालपण मालवणात गेल्यामुळे मला सर्वांत आनंद दिला तो किसू माशाने. हा आपल्या मुडदुशीचाच भाऊबंद आहे. पाठीतून उघडून, काटा काढून, जेमतेम मिनिटभर तळलेला तो मासा मिठाला लावून खाताना आतले मांस अक्षरशः वाफेवर शिजलेले लागते. मार्चमधल्या फुकिनोतो या कडसर कळ्या आणि उन्हाळ्यातला लांबलचक आनागो (समुद्री वाम) हेही उत्तम होते. भोपळा मात्र प्रत्येक वेळी भोपळाच राहिला.

आता तक्रारी. वरच्या मजल्यावरच्या तातामी (जमिनीवर गवती चटया अंथरलेल्या) खोलीत कढईपासून ताटापर्यंत जिने चढून येणारा टेम्पुरा निम्मा थंड झालेला असतो. काकिआगे, म्हणजे लहान कोळंबी व शिंपल्यांच्या मांसाची एकत्र तळलेली जाड टिक्की, तर दोनदा मधोमध कच्ची निघाली. गुडघे दुखणाऱ्या बाबांना जमिनीवर बसवणे हा माझा अविचार होता, पण खुर्चीची सोय आहे का हे विचारल्यावर मिळालेले उत्तर रूक्ष होते. जागा राखायची तर फोनवर आणि जपानीतूनच बोलावे लागते, आणि पैसे रोखच द्यावे लागतात.

शाकाहारी वाचकांनी विशेष जपावे. आई म्हणाली, “भाज्यांचेच मागव ना मला”. परंतु रस्सा आणि तेन्त्सुयु या दोहोंत वाळवलेल्या माशाचा दाशी असतो, आणि नुसते मीठ घेतले तरी तेल कोळंबी तळलेलेच असते. तिने शेवटी भात, लोणचे आणि चहा यांवर जेवण उरकले.

खर्चाचे म्हणाल, तर तेन्दोनला दोन हजार येनच्या आसपास आणि फळीवरच्या पूर्ण जेवणाला त्याच्या चौपट पडतात. वर्षातून एकदाच जाणार असाल तर फळीवर बसा. मी स्वतः महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी, दुपारी अडीचनंतर रांग ओसरली की, तळमजल्यावर बसून कोळंबीचे तेन्दोनच मागवते आणि झाकण दोन मिनिटे तसेच राहू देते.