गोव्याच्या हिवाळी बर्डिंग टूरला दुर्बीण कुठली न्यायची: आठची की दहाची?

डिसेंबर ते फेब्रुवारीतली गोव्याची गाईडेड टूर ठरली की बाकीची तयारी एका संध्याकाळी होते. फुलबाह्यांचा मळखाऊ शर्ट, टोपी, पाण्याची बाटली, पायात बंद बूट, झालं. घोडं अडतं ते दुर्बिणीपाशी, ८ बाय ४२ घ्यायची की १० बाय ४२ (पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसतो, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलीमीटरमध्ये). दुकानात विचारलं तर बहुतेक वेळा दहाचीच पुढे केली जाते आणि आपल्यालाही वाटतं की पक्षी जेवढा मोठा दिसेल तेवढं बरंच की. मी दोन्ही वापरल्यात, आणि गोव्यातच वापरल्यात, म्हणून लिहितोय. काचा, कोटिंग, वॉटरप्रूफ वगैरे तुम्हाला माहितीच असेल ते सोडून देतो, एकाच बजेटमधल्या दोन चांगल्या दुर्बिणी समोर आहेत असं धरून चालू.

आधी दहाचं कौतुक, कारण ते खरंच आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर वाळूत केंटिश प्लवर आणि सँड प्लवर हे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी एकत्र बसलेले असतात, लांबून सगळे सारखेच वाटतात, तिथे दहाची लावली की चोच जाड की बारीक, गळ्यातला पट्टा पुरा की तुटका हे पटकन कळतं. कुरवांच्या थव्यातही तेच. करमळीच्या तळ्यावर अडई (एक प्रकारची बदकं) आणि जांभळ्या पाणकोंबड्या काठाजवळ असतात पण मधेच पलीकडच्या बाजूला एखादा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी घिरट्या घालायला लागतो, तेव्हाही दहाचीच हवीशी वाटते. उघड्यावर आणि लांब, असं असेल तर दहाची पुढे, याबद्दल माझा काही वाद नाही.

पण एक गोष्ट लोक विसरतात की ही गाईडेड टूर आहे. चांगल्या गाईडकडे बहुतेक करून ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची, खूप जवळ आणणारी दुर्बीण असते. लांबचा, निवांत बसलेला पक्षी तो स्कोपमध्ये लावून देतो आणि सगळे एकेक करून बघतात, आणि स्कोपपुढे आठची काय नि दहाची काय. म्हणजे दहाच्या दुर्बिणीचा जो सगळ्यात मोठा फायदा तोच टूरवर आपल्याला आयता मिळतो. आपल्या हातातल्या दुर्बिणीला उरतं ते जवळचं, चपळ आणि अंधारातलं काम.

आणि ते काम गोव्यात भरपूर आहे. बोंडला, मोले, तांबडी सुर्ला, हा सगळा घाटाच्या पायथ्याचा दाट जंगलाचा भाग. जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो पण झाडाखाली नीट उजेड यायला त्यानंतरही बराच वेळ लागतो, आणि नेमके त्याच वेळेला पक्षी सगळ्यात जास्त हलत असतात. आठच्या दुर्बिणीतून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलीमीटरचा, दहाच्यातून ४.२ चा. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण सावलीतल्या फांदीवर पाठमोरा बसलेला कर्णा (ट्रोगन पक्षी) दहाच्यातून मला नुसता तपकिरी दिसायचा आणि आठच्यातून पंखांवरच्या बारीक रेघा दिसायच्या. आता हा माझ्या डोळ्यांचा अनुभव, तुमचे डोळे तरुण असतील तर कदाचित जास्त फरक जाणवेल, कदाचित कमी.

माझा निकाल लागला तो मात्र एकाच वैतागामुळे, मिश्र थव्यामुळे. हिवाळ्यात या जंगलात बराच वेळ सामसूम असते आणि मग एकदम थवा येतो, भृंगराज, निखार, शिलींध्री, सुतार, पर्णवटवटे, एखादा स्वर्गीय नर्तक, सगळे मिळून किडे टिपत पुढे सरकत असतात आणि बघता बघता निघूनही जातात. गाईड हळू आवाजात सांगतो, तो वाळका फाटा बघा, त्याच्या डावीकडे, दोन हात वर, वेलीच्या मागे. दुर्बीण डोळ्याला लावली आणि ती दहाची असेल तर समोर नुसती पानं. कुठली पानं? सगळी सारखीच. वाळका फाटा शोधायला दुर्बीण खाली घ्या, नुसत्या डोळ्यांनी परत बघा, परत वर, तोवर पक्षी दुसऱ्या फांदीवर आणि शेजारचे लोक म्हणतायत वा काय सुंदर आहे. ग्रुपमध्ये गाईडला तेच तेच परत विचारायला संकोच वाटतो, त्याचंही बरोबर असतं, त्याला सगळ्यांना दाखवायचं असतं. आठच्या दुर्बिणीत एका वेळी जास्त रुंद भाग दिसतो, त्यामुळे तो वाळका फाटा आणि ती वेल एकाच चौकटीत येतात, मग फक्त डावीकडे दोन हात वर जायचं. पक्षी थोडा लहान दिसतो हे कबूल पण दिसतो. हार्ट-स्पॉटेड सुतार मी असाच पाहिला, खोडाला धरून उलटा लटकलेला, पाठीवरचे बदामाच्या आकाराचे काळे ठिपकेसुद्धा दिसले, आणि मला नाही वाटत दहाची असती तर तो मला वेळेत सापडला असता.

होडीतही तसंच. कुठ्ठाळीहून झुआरी नदीत आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात जी होडी नेतात तिच्यावरून खंड्यांचे इतके प्रकार दिसतात की विचारू नका, खारफुटीतला कॉलर्ड किंगफिशर आणि हिवाळी पाहुणा ब्लॅक-कॅप्ड यांच्यासाठी तर लोक मुद्दाम येतात. इंजिन बंद केलं तरी होडी डुलतेच, आणि दहाच्यात हाताचा कंपही जास्त जाणवतो, त्यामुळे खंड्या जवळ असून थरथरत राहतो. चष्मेवाल्यांनी अजून एक बघावं, चष्म्यासकट पूर्ण गोल चित्र दिसतं का, आठच्या मॉडेलमध्ये ते बहुतेक वेळा सोपं जातं, पण दुकानात स्वतःचा चष्मा घालूनच तपासा.

कुठलीही घेतली तरी दोन गोष्टी कराच. गळ्यातला पट्टा काढून पाठीवरून येणारा हार्नेस लावा, दिवसभरात मान वाचते. आणि रात्री दुर्बीण एसी रूममध्ये उघडी ठेवू नका, पहाटे बाहेरच्या दमट हवेत आणली की काचेवर बाहेरून वाफ धरते आणि पहिला अर्धा तास पुसण्यात जातो. मी ती बॅगेतच, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो, कोकणातल्या दमटपणात बुरशीपासूनही तेवढाच बचाव.

तुमच्याकडे आधीच चांगली दहाची असेल तर फक्त या टूरसाठी नवीन घ्या असं मी म्हणणार नाही, तीच न्या आणि जायच्या आधी घराजवळच्या झाडांवर चिमण्या-बुलबुल पटकन चौकटीत धरायचा सराव करा, नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यापाशी आणायची. तुमचं फिरणं नंतर जास्त करून उजनी, भिगवण किंवा समुद्रकिनारी होणार असेल तरीही दहाचीचा विचार करायला हरकत नाही. पण पहिलीच दुर्बीण घेताय आणि टूरमध्ये जंगलाचे दिवस जास्त आहेत, तर माझ्या मते आठची. पैसे भरायच्या आधी आयोजकाला एवढंच विचारून घ्या की गाईडकडे स्कोप असतो का आणि किती जणांत एक. ग्रुप मोठा आणि स्कोप नाही असं उत्तर आलं तर मी दुर्बिणीआधी टूरचाच फेरविचार करीन.