मार्क नॉफ्लर: डायर स्ट्रेट्स आधी का सोलो?

गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या मावसभावानी नवीन टर्नटेबल घेतलंय, बजेट दोनच रेकॉर्डचं आहे, आणि तो विचारतोय की मार्क नॉफ्लरचं काय घेऊ, तो ज्यात गायचा आणि गिटार वाजवायचा त्या डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचे अल्बम, का त्याचे स्वतःचे सोलो अल्बम. नाशिकची गिटार शिकणारी पोरं पण मला हेच विचारतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बँडचे स्टुडिओ अल्बम सहाच, १९७८ ते १९९१. सोलो मात्र १९९६ च्या 'गोल्डन हार्ट'पासून २०२४ च्या 'वन डीप रिव्हर'पर्यंत दहा. म्हणजे त्याचं जास्त काम बँड संपल्यानंतरचं आहे, आणि आपल्याकडे ते कोणी ऐकतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

लोक म्हणतात सोलो संथ आहे. संथ आहेच, पण खरा फरक गिटार कुठे बसलीय त्याचा आहे. बँडच्या पहिल्या अल्बममधलं 'सुलतान्स ऑफ स्विंग' नीट ऐक, नॉफ्लर एक ओळ म्हणतो आणि लगेच गिटार उत्तर देते, परत ओळ, परत उत्तर, अख्खं गाणं म्हणजे दोघांची बातचीत. पिक (तार छेडायची छोटी चकती) न वापरता नुसत्या बोटांनी वाजवतो, त्यामुळे तार चिमटीत धरून सोडल्यासारखा आवाज येतो, डिस्टॉर्शन (रॉक गिटारचा तो फाटलेला, खरखरीत आवाज) जवळपास नाहीच. मागे ड्रमर पिक विदर्सचे ड्रम्स, इतका हलका हात की गिटारला जागाच जागा मिळते. गिटार शिकणाऱ्यांनी १९७८ चा हा पहिला अल्बमच घ्यावा, पुढे वाचायची पण गरज नाही.

पण बँडचं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे 'लव्ह ओव्हर गोल्ड', १९८२. पाचच गाणी, आणि सुरुवातीलाच चौदा मिनिटांचं 'टेलिग्राफ रोड'. एक माणूस पाठीवर ओझं घेऊन चालत येतो, घर बांधतो, मग मागून लोक, शाळा, चर्च, कारखाने, आणि शेवटी मंदी, कामच नाही. रस्ता अमेरिकेतल्या डेट्रॉइटकडचा आहे, पण ज्यांनी नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत कंपनी बंद पडलेली घरात बघितलीय त्यांना हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. शेवटची काही मिनिटं शब्दच नाहीत, नुसती गिटार आणि पियानो चढत जातात, मला अजूनही काटा येतो.

'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५) घेणार असाल तर एक बघून घ्या, जुन्या एकाच रेकॉर्डच्या एलपीवर काही गाणी कापलेली आहेत. 'व्हाय वरी' सीडीवर साडेआठ मिनिटांचं आहे, एलपीवर साडेपाचच्या आत. नंतर आलेला दोन रेकॉर्डचा डबल एलपी घेतला तर पूर्ण मिळतं.

आता सोलो. इथे गिटार गाण्याच्या खाली जाते आणि माणसं वर येतात. नॉफ्लर आधी पेपरात रिपोर्टर होता, आणि ते सोलोमध्ये जास्त दिसतं. 'व्हाय आय मॅन'मध्ये न्यूकॅसलकडचे बांधकाम कामगार पोटासाठी जर्मनीला जातात, 'बूम लाइक दॅट' मॅकडोनाल्ड्स वाढवणाऱ्या रे क्रॉकवर आहे, त्याच्याच तोंडून, आणि कुठेही त्याला शिव्या नाहीत, ऐकणाऱ्यानीच ठरवायचं.

आणि 'सेलिंग टू फिलाडेल्फिया' (२०००), हा तर माझ्या मते त्याचा सगळ्यात भरलेला अल्बम. टायटल गाण्यात दोन सर्व्हेअर जहाजानी अमेरिकेला निघालेत, अठराव्या शतकात मेसन-डिक्सन रेषा आखणारे मेसन आणि डिक्सन; हीच रेषा पुढे अमेरिकेत गुलामगिरी असलेल्या आणि नसलेल्या राज्यांमधली सीमा मानली गेली. मेसनचा भाग अमेरिकन गायक जेम्स टेलर गातो, डिक्सनचा नॉफ्लर स्वतः, आणि डिक्सन इंग्लंडच्या ईशान्येचा, जिथे नॉफ्लर लहानाचा मोठा झाला, म्हणून तो एवढा जवळून गातो असं मला वाटतं. दोघांना माहीत नाही पुढे काय होणार, आपल्याला माहीत आहे, आणि गिटार तेवढ्यापुरतीच मध्ये येते. ज्यांना सुलतान्सवाली गिटार हवीय त्यांच्यासाठी याच अल्बमवर पहिलंच 'व्हॉट इट इज' आहे, त्याचा सुरुवातीचा रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी धून) ऐकल्यावर कोणी म्हणणार नाही की बँड सोडल्यावर याचा हात गेला.

सगळे सोलो सारखे नाहीत हे पण खरं. 'किल टू गेट क्रिमझन' मला एकसुरी वाटतो, 'प्रायव्हेटियरिंग' दोन डिस्कचा आहे आणि एका डिस्कमध्ये मावला असता. हे आधी स्ट्रीमिंगवर ऐका, पैसे नंतर.

तर भावाला मी 'लव्ह ओव्हर गोल्ड' आणि 'सेलिंग टू फिलाडेल्फिया' सांगितलंय. एकच घ्यायचा झाला तर 'सेलिंग टू फिलाडेल्फिया'च घे म्हटलं, कारण बँडची मोठी गाणी तो कुठे ना कुठे ऐकणारच आहे, ही आपणहून शोधल्याशिवाय कानावर पडणार नाहीत. फक्त तो डबल एलपी आहे, त्यामुळे किंमत जास्त पडेल ते धरून चाल.