मिनरल मिक्श्चरला चार तारे, चाटण विटेला दोन

आमचं रान मंगळवेढ्याच्या बाजूला. दावणीला दोन पंढरपुरी म्हशी, एक रेडी, सहा उस्मानाबादी शेळ्या आणि चार मेंढ्या. जूनअखेर सोलापुरातल्या पशुखाद्याच्या दुकानातून मिनरल मिक्श्चरची (जनावरांच्या खाद्यात कालवायची कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, तांबं अशा खनिजांची भुकटी) ५ किलोची पिशवी ८५० रुपयांना आणली, सोबत एक चाटण वीट, म्हणजे जनावरांनी चाटायची खनिजांची वीट. आता तिसरी पिशवी संपत आलीय.

आणायला कारण झाली मोठी म्हैस. काळीभोर जनावर, पण डोळ्यांभोवती आणि मानेवर तांबूस पडायला लागलं. आई म्हणाली, उन्हानं झालंय, डुंबायला सोड. रेडी गोठ्याची भिंत चाटायची, एकदा तर दाव्याचा निम्मा सुंभ खाऊन बसली. डॉक्टरांनी आधी जंताचं औषध पाजलं आणि मग विचारलं, "खायला काय घालता?" कडबा आणि उसाचं वाढं, दुसरं काय असणार आमच्याकडं! कडब्यात फॉस्फरस कमी, आणि वाढ्यातलं ऑक्झॅलेट पोटात कॅल्शियम धरून ठेवतं. आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात जस्त असलं तरी पिकाला उचलता येत नाही. उलट मॉलिब्डेनम अशा मातीतून चाऱ्यात सहज येतं आणि पोटात तांब्याला आडवं जातं. केसांचा काळा रंग तांब्यावर अवलंबून, हे मला तेव्हाच कळलं.

म्हशीला रोज ५० ग्रॅम, रेडीला २५, भिजवलेल्या सरकी पेंडीत कालवून. पिशवी ४० दिवस जाते, म्हणजे दिवसाला २१ रुपये. पिशवीत मापाचा चमचा नाही, याचा मला राग आहे. शेवटी वाण्याच्या काट्यावर तोलून चहाच्या कपावर खूण केली. पहिले चार दिवस म्हशींनी वासानं तोंड फिरवलं, मग खाल्लं.

रेडीचं भिंत चाटणं तीन आठवड्यांत थांबलं. त्यात जंताच्या औषधाचा वाटा किती, देव जाणे. म्हशीचे जुने केस तांबूसच राहिले, पण नवे आले ते काळे. त्याला तीन महिने लागले, त्यामुळं आठ दिवसांत फरक शोधणाऱ्यांनी पैसे घालू नयेत. धाकटी म्हैस मुका माज करायची, म्हणजे माजावर येऊनही ओरडायची नाही, ती ऑक्टोबरात चांगली ओरडून माजावर आली. पण म्हशी थंडीच्या तोंडाला तशाही माजावर येतात, तेव्हा त्याचं श्रेय मी पिशवीला देणार नाही.

आता वीट. पावसाळ्यात ओल धरून पाझरायला लागली, खाली चिखल. ते चाललं असतं. पण दुकानदार म्हणाला होता, "शेळ्या-मेंढ्या सगळ्यांना चालतंय, टांगून सोडा." मी टांगली. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी वेष्टन वाचलं आणि आधी मेंढ्या बाजूला करायला लावल्या. गाई-म्हशींच्या मापानं घातलेलं तांबं मेंढीच्या काळजात, म्हणजे यकृतात, साठत जातं. बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस अचानक ते रक्तात सुटतं: डोळे पिवळे, लघवी लाल, मेंढी गेली. शेळी त्या मानानं सोसते. माझ्या मेंढ्या वाचल्या, पण वेष्टनावर मेंढीबद्दल एक ओळ नाही. दोन तारे तिथंच गेले.

वीट आता म्हशींच्या दावणीत आहे. मेंढ्यांसाठी तांबं न घातलेलं मिश्रण त्याच दुकानात मागितलं. मागवून देतो म्हणाले. दीड महिना झाला, अजून आलं नाही.