घोट्याला काय बांधायचं: क्रेप, अँकलेट की ब्रेस?

गेल्या पावसाळ्यात केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकला, तळवा आत वळला आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला कळ निघाली. गावचा सल्ला ठरलेला: तेल लावून चोळून घे. घेतलं चोळून. सकाळी सूज आणखी वाढलेली. मग मेडिकलवाल्याने तीन खोकी पुढ्यात टाकली आणि विचारलं, "यातलं कुठलं देऊ?"

त्याआधी हाडाचं बघा. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्हीकडच्या उंचवट्यांची मागची कड नाहीतर टोक दाबल्यावर हाडावरच दुखत असेल, तर आधी एक्स-रे. करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर दुखलं तरीही.

पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेजच बरं. सूज रोज कमी-जास्त होते, तसं ते सैल-घट्ट करता येतं. पाऊल काटकोनात धरून बोटांच्या मुळापासून वर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं गुंडाळायचं. बोटं उघडी ठेवा. ती निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा. पण चालू लागलं की तासा-दोन तासांत ते ढिलं होतं.

अँकलेट, म्हणजे मोज्यासारखं ओढून घालायचं, सगळ्यात जास्त खपतं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीच्या वेळी घेतलं जातं. ते सूज दाबतं, पायाला धीर देतं. पण पाऊल पुन्हा आत वळायला लागलं तर थांबवत नाही. हलकी लचक असेल तर पुरे. माप घोट्याच्या वरचा घेर मोजून घ्यायचं, तेही सूज उतरल्यावर, नाहीतर आठवड्याने ते गळायला लागतं.

बाहेरचा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, अर्धवट फाटला असेल तर दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला ब्रेस घ्या. पाऊल वर-खाली हलतं, म्हणून चालता येतं. आडवं वळणं तेवढं अडतं. अडचण एकच, चपलेत तो बसत नाही, लेसचे बूट लागतात. आपल्याकडे शेतात बूट घालणारे किती? मीही शेवटी मुलाचे शाळेचे बूट काढले. लेस बांधायचा कापडी ब्रेस जरा मऊ असतो, बुटात सहज जातो. सूज गेल्यावर कामाला लागताना किंवा व्हॉलीबॉल खेळताना मला तोच पटतो.

लिगामेंट पूर्ण तुटला असेल तर दुकानात ठरवू नका. थोडे दिवस प्लास्टर की वॉकर बूट, म्हणजे पाऊल आणि घोटा जखडून ठेवणारा कडक उंच बूट, ते डॉक्टर सांगतील.

जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात रबरी ब्रेसखाली घामाने पुरळ उठतं; आत पातळ सुती मोजा घाला. आणि चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी निघणार असाल, जुनी लचकही असेल, तर नवा ब्रेस आठ-दहा दिवस आधीच गावात घालून फिरा. पहिल्यांदाच वाटेवर घातलात तर घोट्याआधी फोडच बसवतील.