म्युझिक व्हिडिओच्या फीडबॅकसाठी गुगल फॉर्म आणि युट्यूब वापरलं, त्याचा रिव्ह्यू

मासकॉमच्या शेवटच्या वर्षाला आमच्या पाच जणांच्या ग्रुपला म्युझिक व्हिडिओचा प्रोजेक्ट होता. गाणं ग्रुपमधल्याच एकाचं, चाल त्याची, शब्द त्याचे, त्यामुळे कॉपीराइटची कटकट नाही. नाशिकला गोदाघाटावर आणि वणीच्या गडावर मिळून दोन दिवस शूट केलं, 3 मिनिटं 40 सेकंदांचं एडिट बसवलं आणि म्हटलं चला सुटलो. तर मॅडम म्हणाल्या लोकांना दाखवा, ते काय म्हणतात ते गोळा करा आणि त्यावरून काय बदललं ते दाखवा, त्याला वेगळे मार्क आहेत. झालं. खिशात दमडी नाही म्हणून जे फुकट मिळतं तेच वापरलं, व्हिडिओ युट्यूबवर अनलिस्टेड आणि प्रश्न गुगल फॉर्मवर.

आधी फॉर्मबद्दल. बनवायला दहा मिनिटंपण लागत नाहीत, व्हिडिओ फॉर्मच्या आतच टाकता येतो, उत्तरं आपोआप शीटमध्ये जाऊन बसतात, वर रंगीत पाय चार्ट तयार मिळतात जे रिपोर्टमध्ये चिकटवले की पानं भरतात. पण फॉर्म हा आज्ञाधारक प्राणी आहे, तुम्ही जे विचाराल तेच आणून देतो. आम्ही विचारलं काय, तर "व्हिडिओ कसा वाटला, 1 ते 5", "एडिटिंग आवडलं का", "कलाकारांचं काम कसं वाटलं". आणि वर नाव लिहायची सक्ती. लिंक टाकली फॅमिली ग्रुपवर. 41 उत्तरं आली, सरासरी 4.6, आम्ही हवेत. उत्तरं उघडली तर "खूप छान बाळा", "अभिमान आहे", अंगठे, हात जोडलेले, आणि साताऱ्याच्या आत्याचं "व्हिडिओ छान, पण मुलगा किती बारीक झालाय". यातून बदलायचं काय, मुलाला जेवू घालायचं?

मग दुसरा फॉर्म केला. नाव काढलं, ईमेल गोळा करणं बंद ठेवलं. एक माणूस एकच उत्तर अशी सेटिंग आहे, पण ती लावली की समोरच्याला गुगलला लॉगिन करावं लागतं आणि काकालोक पासवर्ड आठवेपर्यंत उत्साह संपतो, म्हणून तीपण नको म्हटलं. लिंक यावेळी हॉस्टेलच्या मेसच्या ग्रुपवर आणि दुसऱ्या डिपार्टमेंटच्या पोरांना, म्हणजे ज्यांना आमच्याबद्दल काडीचं प्रेम नाही अशांना. आणि पहिलाच प्रश्न ठेवला, व्हिडिओत काय घडलं ते दोन ओळीत लिहा.

इथे आमची वाजली. गाणं आहे विरहाचं, मुलगा नोकरीसाठी गाव सोडतो, मुलगी घाटावर त्याच्या मनगटाला लाल धागा बांधते, मस्त क्लोजअप, मागे गोदावरीचं पाणी. आमच्या मते शॉट ऑफ द इयर. निम्म्याहून जास्त लोकांनी लिहिलं "बहीण भावाला राखी बांधते आणि तो परदेशी जातो". एकाने तर लिहिलं रक्षाबंधनाला रिलीज करा, चालेल. ज्याने हिरोचं काम केलं तो दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

पण मजा पुढे आहे. त्याच फॉर्ममध्ये "कुठे कंटाळा आला" असापण प्रश्न होता आणि जवळजवळ सगळ्यांनी दुसऱ्या कडव्यावर बोट ठेवलं. आम्ही शहाण्यासारखं दुसरं कडवं कापून बारीक केलं, मेसमधल्या दोन टेबलांना लॅपटॉपवर परत दाखवलं, तरी त्याच जागी पोरं मोबाईल उचलायला लागली. माझ्या आईला सायटिका आहे, दुखतं पोटरीत आणि डॉक्टर बघतात कंबर, तसं काहीतरी असणार असं तेव्हा डोक्यात आलं. दुसऱ्या कडव्यात ती त्याच्या खोलीत एकटी बसते, त्याचा शर्ट उराशी धरते. आता बघणाऱ्याने तिला बहीण समजलंय म्हटल्यावर तो बिचारा ते कसं बघणार? दुखणं होतं 40 व्या सेकंदाला, त्या धाग्याच्या शॉटमध्ये. वणीच्या गडावर पायऱ्यांखालच्या दुकानातून दोघं मिळून तो धागा घेतात, पैसे देताना ती त्याला चिमटा काढते, असा शॉट आमच्याकडे होता, पण कॅमेरा हलला म्हणून आम्हीच उडवला होता. तो हलणारा शॉट परत टाकला, कडवं पूर्ण लांबीचं ठेवलं, आणि कंटाळ्याची तक्रारच गेली. एक पण सेकंद कमी न करता.

दुसरा कामाचा प्रश्न निघाला "कशावर पाहिलं", पर्याय मोबाईलचा स्पीकर, इअरफोन, लॅपटॉप, टीव्ही. हा प्रश्न मी सहज टाकला होता. शब्द नीट कळत नाहीत अशी तक्रार होती, शीटमध्ये त्या कॉलमने सॉर्ट केलं तर ते सगळे मोबाईल स्पीकरवाले. तेवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, आमचा बेस आणि ढोलकीची घुमी गायब, आणि उरतं काय तर झांज आणि गिटारची कचकच, त्यात गाणाऱ्याचा आवाज बुडतो. मिक्स करणाऱ्याने हे सगळं चांगल्या हेडफोनवर केलेलं. मग आवाज थोडा वर घेतला, झांज खाली, आणि खाली मराठीत शब्द टाकले. हे आमचं आम्हाला कधीच कळलं नसतं.

युट्यूबचं सांगायचं तर अनलिस्टेड ही सोय झकास, लिंक असलेल्यालाच दिसतं, पाहणाऱ्याला काही इन्स्टॉल करायला नको. युट्यूब स्टुडिओमध्ये, म्हणजे व्हिडिओ टाकणाऱ्याला आकडे दिसतात तिथे, रिटेन्शनचा ग्राफ मिळतो, म्हणजे लोक कुठे सोडून गेले, कुठे मागे जाऊन परत पाहिलं. पण आमच्यासारख्या पन्नास-साठ व्ह्यूजवाल्यांनी त्यावर फार विसंबू नये, दोन जण चहाला उठले तरी रेघ खाली येते, आणि आकडे यायला दिवस-दोन दिवस जातात, सबमिशन तोंडावर असताना ते जड जातं. मला त्यापेक्षा मेसमध्ये टेबलाच्या कडेला उभं राहून लोकांचे चेहरे बघणं जास्त खरं वाटलं. स्क्रीनकडे बघायचं नाही, माणसांकडे बघायचं, अवघडल्यासारखं होतं पण करा.

एक गोष्ट डोक्यात ठेवा, युट्यूबवर एकदा टाकलेल्या लिंकवर नवीन फाइल बदलून टाकता येत नाही. ट्रिम होतं, पण नवीन एडिट म्हणजे नवीन अपलोड आणि नवीन लिंक. आम्ही नवीन व्हर्जन टाकलं आणि फॉर्ममधला व्हिडिओ बदलायला विसरलो, अकरा जणांनी जुन्यालाच परत राखी राखी केलं आणि आम्ही डोकं धरून बसलो की शॉट टाकूनपण कळत नाही म्हणजे काय. चूक शंभर टक्के आमची. फाइलच्या नावात आणि व्हिडिओच्या सुरुवातीला कोपऱ्यात व्ही 2, व्ही 3 असं लिहून ठेवा.

फॉर्मची खरी कमी एकच, नेमक्या सेकंदावर बोट ठेवून कमेंट करता येत नाही, "ते घाटावरचं आहे ना, त्याच्या नंतरचं" अशी उत्तरं येतात आणि शोधत बसा. त्यासाठी फ्रेम डॉट आयओ आहे, 2021 मध्ये अडोबीने घेतलेलं, त्यात थेट त्या फ्रेमवर लिहिता येतं. पण ते ग्रुपमधल्या एडिट कळणाऱ्यांसाठी ठीक, मेसच्या पोराला ते उघडून दिलं तर तो बटणं बघत बसेल.

तर माझ्याकडून फॉर्मला चार स्टार, युट्यूबच्या ग्राफला छोट्या प्रोजेक्टपुरते अडीच, मेसच्या टेबलाला पाच. व्हायवाला मॅडमनी पहिल्या फॉर्मचे 4.6 बघितले आणि विचारलं, एवढं छान होतं तर बदललं कशाला? आम्ही राखीची उत्तरं वाचून दाखवली, त्यांना हसू आवरेना. आत्याला फायनल व्हर्जन पाठवलं, तिचा रिप्लाय आला की बरं झालं बाई, मला वाटलं ती त्याची बहीण, आणि हे तू पहिल्याच वेळी का नाही सांगितलंस म्हटलं तर म्हणे, तू कुठे विचारलं होतंस.