शुद्ध मेरिनो लोकरीच्या नावाखाली गेलेले ५०,२९९ रुपये

लोकरीचे ६,८०० रुपये, मग ‘परतावा मिळवून देतो’ असे सांगून काढलेले २४,९९९ रुपये आणि बँकेला कळवल्यानंतरही खात्यातून गेलेले १८,५०० रुपये, असे एकूण ५०,२९९ रुपये माझ्याकडून लुबाडले गेले. घरच्या माणसांसाठी विणकाम करणाऱ्या बायकांना हेरूनच हा उद्योग चालतो याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही, आणि थंडी तोंडावर आली की तशाच जाहिराती पुन्हा दिसू लागतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. लिहिताना लाज वाटते. परंतु आमच्यासारख्यांनी गप्प राहण्यावरच या लोकांचे फावते.

मला लोकरीतले काही कळत नाही असे कोणी समजू नये. लग्नाआधीपासून मी विणते आहे. रविवार पेठ आणि तुळशीबाग परिसरातल्या दुकानांत मी वर्षानुवर्षे लोकर घेत आले आहे आणि तिथे लोकर म्हणून जे मिळते त्यातले बहुतेक अॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, असते, हे मला पक्के ठाऊक आहे. पुण्याच्या थंडीला ते पुरतेही. या वेळी मात्र गरज वेगळी होती. मुलगी आणि जावई म्युनिकला राहतात. बाळाचे बारसे डिसेंबरमध्ये पुण्यात करून ते लगेच तिकडच्या कडाक्याच्या थंडीत परत जाणार होते. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, आणि ती सहजासहजी पेट घेत नाही. अॅक्रिलिक पेटले तर वितळून कातडीला चिकटते. तान्ह्या बाळाच्या अंगावर ते घालायला माझे मन तयार नव्हते. बाळासाठी कुंची, अंगडे आणि पायमोजे, मुलीसाठी शाल, जावयांसाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि माझ्या वडिलांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर, असे सगळे एकाच रंगसंगतीत विणायचे ठरवले होते. त्यासाठी १,६०० ग्रॅम लोकर लागणार होती, आणि तीही एकाच रंगाईच्या लॉटमधली, कारण लॉट बदलला की स्वेटरच्या पाठीत रंगाचा पट्टा उठून दिसतो. एवढा माल एका लॉटचा शहरात मला कुठेही मिळाला नाही.

नेमक्या त्याच सुमारास मोबाइलवर जाहिरात आली. हिमाचलमधला कारखाना बंद होत असल्यामुळे शिल्लक राहिलेली ‘शंभर टक्के शुद्ध मेरिनो’, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढ्यांची मऊ लोकर, १०० ग्रॅमच्या लडीला ४२५ रुपये दराने विकायची आहे, असे तिच्यात म्हटले होते. मी १६ लडी मागवल्या, म्हणजे ६,८०० रुपये झाले. मोहरीचा पिवळा आणि हस्तिदंती असे दोन रंग, प्रत्येकी ८ लडी, ‘सगळ्या एकाच लॉटच्या देऊ’ असे लेखी उत्तरही आले.

ज्या ठिकाणी माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती ते ठिकाण मी आजही डोळ्यांसमोरून घालवू शकत नाही. मी लेबलचा स्पष्ट फोटो मागितला होता. आलेल्या फोटोत लडी सुरेख दिसत होती, पण लेबलवर नेमका अंगठा धरलेला होता, आणि वजन, घटक, उत्पादकाचे नाव यांपैकी काहीच वाचता येत नव्हते. मी दुसरा फोटो मागितला तेव्हा ‘काकू, फक्त दोन सेट उरले आहेत, ठेवू की दुसऱ्यांना देऊ?’ असा उलट प्रश्न आला. हे दडपण कशासाठी आणले जाते ते वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मलाही माहीत होते. पण बारसे जवळ आले होते, एक पूर्ण स्वेटर विणायला किती वेळ लागतो हे विणणारीलाच ठाऊक असते, आणि समोरचा माणूस सुयांचा नंबर, लोकरीचे पदर, धुतल्यावर आटण्याचे प्रमाण अशा प्रश्नांची बिनचूक उत्तरे देत होता. ज्याला विणकामातले इतके कळते तो विणणाऱ्यांना फसवेल असे मला वाटले नाही, आणि कोणालाही वाटले नसते. लेबल दाखवत नाही त्याला एक रुपयाही देऊ नका. ज्या पानावर विक्रेत्याचे कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव नाही, ज्यावर केवळ व्हॉट्सअॅपचा क्रमांक आहे, तिथे काहीही मागवू नका. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली केलेल्या ग्राहक संरक्षण नियमांत ही माहिती देणे बंधनकारक केलेले आहे.

पार्सल आले. लडी हातात घेताच बोटांना तो चिकट गुळगुळीतपणा जाणवला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक लडी ठेवली तर वजन ७४ ग्रॅम भरले. सगळ्या लडींची तीच गत होती. ‘मेरिनो’ छापलेल्या लेबलची कड नखाने उचलली तेव्हा त्याच्याखाली दुसरे लेबल निघाले आणि त्यावर अॅक्रिलिक असे स्वच्छ लिहिले होते. तरीही खात्रीसाठी बोटभर धागा चिमट्यात धरून काडी लावली. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की ती बहुधा आपोआप विझते आणि मागे बोटांनी चुरडता येईल अशी राख राहते. माझ्या हातातला धागा आक्रसून वितळला, काळा धूर आला आणि टोकाला खड्यासारखा टणक काळा मणी उरला. ही चाचणी बशीत, पाणी जवळ ठेवून, पार्सल आल्या दिवशीच करा, आणि पार्सल उघडतानाचे चित्रीकरण करून ठेवा.

मी पैसे परत मागितले. दुसऱ्या क्रमांकावरून एका तरुणाचा फोन आला. तो शुद्ध मराठीत बोलत होता. माझा ऑर्डर क्रमांक, दोन्ही रंग, लडींची संख्या, सिंहगड रस्त्यावरचा माझा पत्ता हे सगळे त्याला माहीत होते. ‘गोदामातून चूक झाली आहे, परतावा मंजूर झाला आहे, फक्त अर्ज भरायचा आहे’ असे सांगून त्याने ‘एपीके’, म्हणजे मोबाइलमध्ये अॅप बसवणारी, फाइल पाठवली. ती उघडताना मोबाइलने अनोळखी ठिकाणच्या अॅपबद्दल इशारा दिला होता, आणि तो ‘सगळ्यांनाच येतो’ असे त्याने शांतपणे सांगितले. मला माझी बाजू मांडली पाहिजे: मी कोणत्याही आमिषाला भुलले नव्हते, बक्षीस मागत नव्हते, माझेच ६,८०० रुपये परत मागत होते, आणि माझ्या ऑर्डरची सगळी माहिती असलेला माणूस विक्रेत्याचाच असणार हे माझे अनुमान बरोबरच होते. तो विक्रेत्याचाच होता, आणि विक्रेताच चोर होता. पैसे मिळण्यासाठी पिन, ओटीपी किंवा कार्डाची मुदत कधीही द्यावी लागत नाही. व्हॉट्सअॅपवरून आलेले अॅप कोणीही, कितीही गोड बोलून सांगितले तरी उघडू नका.

२४,९९९ रुपये गेल्याचा संदेश येताच मी बँकेच्या ग्राहक सेवेला फोन केला. यंत्राच्या सूचना, मग संगीत, मग पुन्हा सूचना, असे करत माणूस लागला आणि त्याने तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांकाचा संदेश दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी आला आहे. त्यानंतर, ४ वाजून ३१ मिनिटांनी, त्याच खात्यातून १८,५०० रुपये गेले. फसवणूक झाली आहे, खाते गोठवा, असे स्पष्ट शब्दांत सांगितल्यानंतर एकोणीस मिनिटे बँक काय करत होती, या एका प्रश्नाचे उत्तर मला आजतागायत कोणीही दिलेले नाही. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी माझे म्हणणे पूर्ण ऐकून न घेता ‘तुम्हीच परवानगी दिली होती’ हे एकच वाक्य लावून धरले. मी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाची प्रत पुढे ठेवली. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच, असे त्यात नमूद आहे. ती प्रत त्यांनी वाचलीसुद्धा नाही. लेखी अर्जाची पोच द्यायलाही टाळाटाळ केली. ‘वर पाठवतो’ एवढेच उत्तर मिळाले. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज तिथेच उभे राहून ईमेलने पाठवा.

पोलिसांकडचा अनुभव याहून वाईट आहे. चौकीत सांगण्यात आले की हे सायबरचे काम आहे, तिकडे जा. तिकडे सांगण्यात आले की रक्कम मोठी नाही, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा. एका हवालदारांनी ‘या वयात ऑनलाइन लोकर मागवायची काय गरज होती?’ असे सगळ्यांसमोर विचारले, आणि त्या क्षणी पैशांपेक्षा त्या प्रश्नानेच मला जास्त अपमानित केले. चोराने गुन्हा केला, पण जाब मला द्यावा लागत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कोणतीही असली तरी नोंदवून घ्यावी लागते, आणि नकार मिळाल्यास तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना पाठवता येते. मी ती तशी पाठवली, तेव्हा कुठे गुन्हा दाखल झाला. हे कलम कागदावर लिहून बरोबर न्या. तोंडी सांगितलेले कोणी ऐकत नाही.

यात उपयोगी पडला तो १९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीची तक्रार करण्याचा हेल्पलाइन क्रमांक. शाखेत आणि चौकीत जाण्याआधीच मी तो लावला होता, म्हणून २४,९९९ पैकी ९,२०० रुपये चोराच्या खात्यात रोखले गेले. ते माझे आहेत हे सगळ्यांना मान्य आहे, पण सोडवून घेण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणा असे मला सांगण्यात आले, आणि तो अर्ज कोणी, कुठे, कसा करायचा हे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तरीही पैसे गेल्याचे दिसताच आधी १९३० लावा, शाखा आणि चौकी नंतर. व्यवहार क्रमांक लिहून घ्या, आणि अॅप काढून टाकण्याआधी त्याच्या व त्या संभाषणाच्या पडद्याची छायाचित्रे घ्या. घाबरून सगळे पुसून टाकले तर पुरावाच उरत नाही.

बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, म्हणून १८,५०० रुपयांसाठी मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार केली आहे आणि ती प्रलंबित आहे. लोकरीच्या ६,८०० रुपयांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. ज्यांच्याकडे अशीच दुहेरी लेबलांची लोकर आली असेल त्यांनी ती रागाने फेकून देऊ नये किंवा कोणाला देऊन टाकू नये. लडी, दोन्ही लेबले आणि पार्सलवरचा परतीचा पत्ता जपून ठेवावा आणि तक्रारीत तो पत्ता अक्षरशः जसाच्या तसा लिहावा, कारण अनेक तक्रारींत तोच पत्ता आला तर ‘रक्कम मोठी नाही’ हे कारण पुढे करणे कोणालाही अवघड जाईल.