‘सेल्फ गेलाय’ म्हणाला, आणि मी मान डोलावली

आमची घरगाडी म्हणजे एक जुनी डिझेल व्हॅन. मागच्या सीटा काढून झोपायचा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि बारा व्होल्टचा छोटा फ्रिज बसवून घेतलाय. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत 30 वर्षं काढून निवृत्त झालो, त्यानंतरचा हा एवढाच शौक. म्हणजे लोखंडातलं मला कळत नाही अशातला भाग नाही. तरी फसलो, म्हणून तर लिहितोय.

सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन घेतलं, नविलुतीर्थ धरणाच्या बाजूला रात्र काढली. सकाळी चावी फिरवली तर काहीच नाही. सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरचा, टक आवाजही नाही, डॅशबोर्डचे दिवे तेवढे मिणमिणले. चावी जरा हलवली तर दिवे लख्ख, सोडली की परत मंद. दोन महिने अधूनमधून असंच चाललं होतं. इंडिकेटर मध्येच थांबायचा, वायपर अडखळायचा, आणि लांबच्या प्रवासात चावीची पाठ हाताला कोमट लागायची. गाडी ओरडून सांगत होती, मी म्हातारपण समजून सोडून दिलं. त्या सकाळी दहाबारा वेळा हलवून कशीबशी चालू झाली आणि परतीच्या वाटेवरच्या एका गावात पहिलं गॅरेज दिसलं तिथे थांबवली. गावाचं नाव लिहीत नाही.

गॅरेजवाला चाळिशीतला, बोलायला गोड. मी मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली तर तो हसून म्हणाला, “काका, मराठीत बोला की, आपण एकच.” झालं. तिथेच मी निम्मा विरघळलो.

त्याने मला चावी ऑनवर ठेवून बसायला सांगितलं, गाडी न्यूट्रलला आहे का विचारलं आणि स्वतः खाली शिरून सेल्फच्या दोन टर्मिनलवर स्क्रूड्रायव्हर आडवा लावला. ठिणगी उडाली आणि इंजिन एका दमात चालू झालं. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, “बघितलंत? डायरेक्ट दिल्याशिवाय उचलत नाही. सेल्फ गेलाय. आर्मेचर जळलंय.”

आर्मेचर म्हणजे सेल्फच्या आतला फिरणारा भाग. इथे जरा थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे. सेल्फला जाडी केबल थेट बॅटरीतून येते. चावीतून येते ती बारीक वायर, आणि ती फक्त सेल्फवरच्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्याला, ‘उचल’ म्हणून सांगते. स्क्रूड्रायव्हर लावला म्हणजे चावी बाजूला सारून तो हुकूम हाताने दिला. तेवढ्यावर इंजिन फिरलं म्हणजे बॅटरी ठणठणीत, सेल्फ ठणठणीत, आणि दोष चावीकडून येणाऱ्या वाटेत. जे सेल्फ चांगला असल्याचं प्रमाण, तेच त्याने सेल्फ गेल्याचा पुरावा म्हणून माझ्यासमोर धरलं आणि मी मान डोलावली. एक साधा टेस्ट लॅम्प त्या बारीक वायरीला लावून चावी फिरवली असती तर मिनिटभरात कळलं असतं. दिवा लागला नाही, तर सेल्फला हात लावायचं कारणच नाही.

“नवा 7,500, जुन्याचे 800 वजा, मजुरी 500,” तो म्हणाला. “तासाभरात देतो, समोर चहा घ्या.” गेलो. फाउंड्रीत आयुष्यभर दुसऱ्याच्या कामावर उभं राहून नजर ठेवली आणि स्वतःच्या गाडीचं काम सोडून चहाला गेलो!

हिचं माहेर बैलहोंगलकडचं, त्यामुळे कन्नड हिला घरच्यासारखं. माझं बाजारापुरतं. ती मध्येच गाडीतून पर्स आणायला गेली आणि परत येऊन म्हणाली, “अहो, गॅरेजमधला तो पोरगा ‘हळेदु’ म्हणाला. जुनाच म्हणाला. आणि त्या माणसाने त्याला डोळे वटारले.” मी म्हटलं, आपल्या जुन्या सेल्फबद्दल बोलत असतील, तू नको तिथे शंका काढतेस.

तासाने बोलावलं. खाली चकचकीत चंदेरी सेल्फ दिसत होता. त्याने चावीच्या भोकात कसलासा स्प्रे मारला, “जरा कोरडी पडलीय,” म्हणत चारपाच वेळा चावी फिरवली आणि गाडी चालू. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून त्यावर आकडा लिहून दिला. ना दुकानाचं नाव, ना तारीख. जुना सेल्फ दाखव म्हटलं तर तो एक्स्चेंजमध्ये गेलाही होता. 7,200 मोजले आणि वर त्या पोराला चहाला 20 दिले.

चार दिवस गाडी गुणी बाळासारखी चालली. पाचव्या दिवशी टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलं म्हणून इंजिन बंद केलं. फाटक उघडलं, चावी फिरवली, शुकशुकाट. मागे सगळी टिळकवाडी हॉर्न वाजवतेय आणि ही लांबलचक गाडी मधोमध. दोन रिक्षावाल्यांनी ढकलून बाजूला घेतली, त्यांचे उपकार.

तिथून एका वायरिंगवाल्याला बोलावलं. बोलणं तुटक, निम्मं कन्नड निम्मं मराठी. आल्या आल्या खिशातून दिवा काढला, खाली लावला, मला चावी फिरवायला सांगितली. दिवा लागला नाही. “सेल्फ बरोबर आहे अण्णा, स्विच गेला.” बॅटरीची मायनस काढली, डॅशबोर्डखालून दोन स्क्रू खोलून चावीच्या मागचा स्विच माझ्या तळहातावर ठेवला. प्लॅस्टिक तपकिरी होऊन सुजलेलं, आतले कॉन्टॅक्ट काळेठिक्कर. स्प्रेने चार दिवस का निभावलं, तेही कळलं. वरची काजळी तेवढी धुतली गेली होती. म्हणजे खरा दोष कुठे आहे हे त्या गॅरेजवाल्याला पहिल्यापासून माहीत होतं.

जळण्याचं पाप मात्र आमचंच. घरगाडी करताना फ्रिज, पंखा, मोबाईल चार्जर, सगळं चावीच्या ‘ऑन’ वायरीवर जोडलं होतं, मध्ये रिले, म्हणजे जड करंट स्वतःवर घेणारा वेगळा स्विच, न घालता. हेडलाइट लागले की त्यांचेही दहा अँपिअर त्याच इवल्याशा स्विचमधून. तुमच्या गाडीतही अशी जोडणी असेल तर आजच डॅशबोर्डखाली हात घालून बघा. वायरिंगवाल्याने वायरींचा मोबाईलवर फोटो काढला, मगच त्या सोडवल्या. नवा स्विच 650, रिले आणि जाड वायर 400, मजुरी 400. चावी तीच राहिली, कारण आमच्या गाडीत कुलूप वेगळं आणि मागचा स्विच वेगळा आहे. कुलूपसकट सेट बदलायची गरज नव्हती.

जाता जाता मी त्याला म्हटलं, नवा सेल्फ घातलाय तो तरी बघ. त्याने डिझेलचं फडकं घासलं. चंदेरी रंग फडक्यावर आला आणि खाली पंचने मारलेले तीन ठिपके दिसले. ते मी मारलेले. दोन वर्षांपूर्वी सेल्फमधले कार्बनचे ब्रश बदलून घेतले तेव्हा, फाउंड्रीतल्या सवयीने. माझाच सेल्फ काढून, रंगवून, मलाच विकला होता. आणि माझ्याच जुन्या सेल्फचे 800 मला वजा करून दिले होते!

घरी येऊन सांगितलं तर हिने काही म्हटलं नाही. नुसतं “हळेदु” म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या आठवड्यात परत त्या गावी गेलो. गॅरेजवाला तसाच हसला. “काका, इथून गाडी चालू करून गेलात की नाही?” तो कागद दाखवला तर म्हणे, हे माझं अक्षरच नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न बिलाचाच. पक्कं बिल नाही, कामाआधी काढलेला फोटो नाही. तो पोरगा चहाची किटली घेऊन आत आला, मला बघितलं आणि तसाच मागच्या दाराने गेला.

सेल्फ तोच आहे. कडेकपारीत चंदेरी रंग अजून शिल्लक आहे. गाडी पहिल्या चावीला चालू होते.